मानेतील रक्तवाहिन्या अरुंद झाल्या तर विचारशक्ती आणि स्मरणशक्तीवर काय परिणाम होतो?

मानेच्या रक्तवाहिन्यांबद्दल विचारायला माझ्याकडे दोन प्रकारचे लोक येतात. पहिले, हातात रिपोर्ट घेऊन येणारे. फुल बॉडी चेकअपच्या पॅकेजमध्ये मानेचा डॉपलर झालेला असतो, त्यात 'प्लाक' हा शब्द दिसतो आणि घरात कोणाला रात्रभर झोप लागत नाही. दुसऱ्या प्रकारच्या लोकांकडे रिपोर्ट नसतो, तक्रार असते. 'बाबा हल्ली मंद झालेत', 'आईला एका वेळी दोन कामं जमत नाहीत'. पण या तक्रारीचा मानेशी काही संबंध असू शकतो, हे त्यांच्या ध्यानीमनी नसते. खरे सांगायचे तर काही वर्षांपूर्वीपर्यंत आम्हा डॉक्टरांच्याही ते पटकन ध्यानात येत नसे.

सत्तरीच्या घरातले एक गृहस्थ माझ्याकडे बीपीसाठी नियमित येत. बँकेतून निवृत्त झालेले, सोसायटीचा जमाखर्च कित्येक वर्षे सांभाळणारे. एकदा गोळ्या लिहून झाल्यावर उठता उठता त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "डॉक्टर, ह्यांचं सगळं फार सावकाश झालंय. लाईटबिल भरायला बसले की तास जातो. मध्येच कोणी बोललं की पुन्हा पहिल्यापासून." गृहस्थ हसले. मी नातवंडांची नावे, तारीख, वार विचारले, सगळे बरोबर आले. "वय आहे, होतं असं," असे म्हणून मी विषय संपवला. ती माझी चूक होती. तीन महिन्यांनी एका सकाळी त्यांच्या उजव्या हातातून चहाचा कप निसटला आणि दहा-पंधरा मिनिटे त्यांना शब्दच सापडेनात. नंतर सगळे पूर्ववत झाले, म्हणून ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आले, 'वातामुळे असेल' असे म्हणत. डॉपलरमध्ये मानेच्या डाव्या बाजूची मुख्य रक्तवाहिनी सुमारे ८० टक्के अरुंद निघाली. त्यांचे पुढे काय झाले ते शेवटी सांगतो. आधी मानेत नेमके काय असते ते पाहू.

मेंदूला रक्त कसे पोहोचते?

मानेच्या पुढच्या भागात, घाटीच्या दोन्ही बाजूंना बोट ठेवले की जी नाडी लागते ती कॅरोटिड धमनी. (दोन्ही बाजू एकाच वेळी दाबून पाहू नका, चक्कर येऊ शकते.) जबड्याच्या थोडे खाली या धमनीला दोन फाटे फुटतात. एक चेहरा आणि डोक्याच्या कातडीकडे जातो, दुसरा थेट मेंदूकडे आणि डोळ्याकडे. मणक्यांच्या आधाराने मागून वर जाणाऱ्या आणखी दोन धमन्या असतात. म्हणजे मेंदूला एकूण चार नळ्यांतून रक्त मिळते आणि त्यातल्या पुढच्या दोन मोठ्या. मेंदूचे वजन शरीराच्या अवघे दोन टक्के, पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळपास सहावा हिस्सा तो घेतो. तोही अखंड, कारण साखर आणि ऑक्सिजन साठवून ठेवायची सोय त्याच्याकडे जवळजवळ नाही.

कॅरोटिडला जिथे फाटा फुटतो तिथे रक्ताचा प्रवाह सरळ न राहता भोवऱ्यासारखा घुटमळतो. बीपी, मधुमेह, वाढलेले कोलेस्टेरॉल आणि तंबाखू यांनी धमनीचे आतले अस्तर आधीच खराब झालेले असेल, तर नेमक्या याच जागी चरबी आणि चुन्याचा थर बसू लागतो. हाच तो प्लाक. नदीच्या वळणावर गाळ साचतो तसे. हृदयाच्या रक्तवाहिन्यांत होते तीच ही प्रक्रिया. म्हणून ज्यांची अँजिओप्लास्टी किंवा बायपास झाली आहे, किंवा चालताना पोटऱ्या भरून येऊन थांबावे लागते, त्यांच्या मानेतही हा थर सापडण्याची शक्यता जास्त असते.

मेंदूच्या तळाशी या चारही नळ्या एकमेकींना जोडणारे एक कडे असते. एका बाजूने रक्त कमी आले तर दुसरी बाजू या कड्यातून मदत पाठवते. पण हे कडे प्रत्येकात पूर्ण नसते. कित्येकांत त्यातला एखादा दुवा जन्मतःच बारीक किंवा गायब असतो. एकाची धमनी ९० टक्के बंद असूनही तो व्यवस्थित व्यवहार करत असतो आणि दुसऱ्याला ७० टक्क्यांतच त्रास होतो, त्यामागे हे एक मोठे कारण आहे. रिपोर्टवरचा टक्का शेजाऱ्याच्या टक्क्याशी ताडून पाहू नका.

अर्धांगवायू नाही, मग डोक्यावर परिणाम कसा?

कॅरोटिडचा धोका म्हटले की सगळ्यांना अर्धांगवायू आठवतो आणि ते बरोबरच आहे. प्लाकचा तुकडा किंवा त्यावर जमलेली गुठळी सुटून मेंदूत अडकली की तेवढा भाग मरतो. पण असा झटका कधीच न आलेल्या माणसाचेही विचार मंदावू शकतात का, हा प्रश्न बरीच वर्षे दुर्लक्षित राहिला. मानेतल्या धमनीचा आणि अर्धांगवायूचा संबंध ज्यांनी १९५१ मध्ये ठळकपणे मांडला, त्या कॅनडाच्या मिलर फिशर यांनी म्हातारपणीच्या स्मृतिभ्रंशाशीही या धमन्यांचा संबंध असू शकतो, असे त्याच वर्षी लिहिले होते. पण वैद्यकशास्त्राचे लक्ष पहिल्या गोष्टीकडे वळले आणि दुसरी मागे पडली.

आता याबद्दल बरेच काही हाती आले आहे. अमेरिकेत चार हजारांहून अधिक वयस्कर लोकांच्या पाहणीत, जी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली, असे आढळले की डावी कॅरोटिड खूप अरुंद असलेल्या उजव्या हाताच्या लोकांत आकलनाच्या चाचणीचे गुण कमी होते आणि पुढच्या वर्षांत ते अधिक घसरले. त्यांना अर्धांगवायूचा झटका आलेला नव्हता. डावीकडेच का? कारण बहुतेकांची भाषा मेंदूच्या डाव्या अर्ध्यात असते आणि त्या चाचण्या बऱ्याच अंशी भाषेवरच चालतात. मेरिलँडमधल्या २०१७ च्या एका अभ्यासात, धमनी निम्म्याहून अधिक अरुंद पण कोणतेही लक्षण नाही अशा ८२ जणांची, तसेच धोके असलेल्या पण मान साफ असलेल्या ६२ जणांशी तुलना केली गेली. पहिल्या गटातले जवळपास निम्मे लोक विचारशक्तीच्या किमान दोन अंगांत कमी पडले. विशेषतः कामाचा वेग आणि नवीन गोष्ट शिकून लक्षात ठेवणे यांत. रिपोर्टवर 'लक्षणे नाहीत' असे लिहिलेल्या माणसाला खरोखरच काही होत नसते का, हा प्रश्न अशा अभ्यासांनी पुढे आणला.

हे घडते कसे, याची तीन कारणे दिसतात आणि ती बहुधा एकत्रच काम करतात. पहिले, सततची तुटपुंजी रसद. टाकीतून येणारे पाणी मंद झाले की घरातले सगळ्यात लांबचे आणि उंचावरचे नळ आधी सुकतात. मेंदूतही खोलवर गेलेल्या पांढऱ्या तंतूंचा भाग दोन धमन्यांच्या सीमेवर पडतो, त्याला झळ आधी बसते. हे तंतू म्हणजे मेंदूच्या भागाभागांतली वायरिंग. निरोगी मेंदूत एखाद्या भागाला जास्त काम पडले की तिथल्या बारीक वाहिन्या रुंद होऊन जास्त रक्त घेतात. मानेतच अडथळा असेल तर त्या आधीच पूर्ण रुंद झालेल्या असतात, आणखी वाढायला वावच उरत नाही. बसल्या जागी माणूस ठीक वाटतो, पण डोक्याला ताण देणारे काम आले की थकतो.

दुसरे, बारीक कण. प्लाकवरून सुटलेले अगदी सूक्ष्म कण हात-पाय लुळे करत नाहीत, पण इथेतिथे छोटे ठिपके सोडून जातात. एमआरआयमध्ये 'जुने लहान इन्फार्क्ट' असे लिहून येते आणि रुग्ण म्हणतो, मला तर कधी काही झाले नाही.

तिसरे कारण मानेतले नसतेच. ज्या बीपी आणि साखरेने मानेतली मोठी नळी खराब केली, त्यांनीच मेंदूतल्या केसासारख्या वाहिन्याही सोडलेल्या नसतात. त्यामुळे एखाद्याच्या मंदपणात मानेचा वाटा किती आणि या बारीक वाहिन्यांचा किती, हे वेगळे करणे अवघड असते. 'मान मोकळी केली की डोके मोकळे होईल' हे गणित म्हणूनच सरळ सुटत नाही. कोणी तसे छातीठोकपणे सांगत असेल तर सावध राहा.

घरच्यांना काय दिसते?

रक्तपुरवठ्यामुळे येणारा मंदपणा आणि अल्झायमरचा विसराळूपणा यांच्या सुरुवातीत फरक असतो. अल्झायमरमध्ये बहुधा ताजी आठवण आधी जाते. सकाळी कोण येऊन गेले ते संध्याकाळी आठवत नाही, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो आणि आठवण करून दिली तरी ओळख पटत नाही. रक्तपुरवठ्याच्या त्रासात आठवण असते, पण ती बाहेर काढायला वेळ लागतो. सूतोवाच केले की 'हां, हां' म्हणून उत्तर येते. इथे बिघडते ते वेग, लक्ष आणि आखणी. रोजचा स्वयंपाक जमतो, पण पाहुणे आले की कुकर, पोळ्या आणि कोशिंबीर एकत्र सांभाळताना आई गोंधळते. वडील पेपर वाचतात, पण तीच बातमी पुन्हा वाचावी लागते. पत्त्यांच्या डावात त्यांची पाळी आली की सगळे ताटकळतात. कार्यक्रमात चार जण एकदम बोलू लागले की ते गप्प बसतात. उत्साह मावळतो, चिडचिड वाढते. घरच्यांना वाटते आळस आला किंवा हट्टीपणा आला. असे बोलून दाखवले जाते आणि माणूस आणखी मिटतो.

अर्थात ही विभागणी कागदावर जितकी स्वच्छ तितकी माणसात नसते. उतारवयात दोन्ही आजार एकत्र असणे मुळीच दुर्मीळ नाही.

कपाचे निसटणे: हे मात्र थांबण्यासारखे नाही

सावकाश वाढणाऱ्या मंदपणासाठी आठवड्याभरात अपॉइंटमेंट घेतली तरी चालते. पण पुढची लक्षणे अचानक आली आणि पाच मिनिटांत गेली, तरी त्याच वेळी, जिथे सीटी स्कॅन होतो अशा मोठ्या रुग्णालयात जायचे. तोंड वाकडे होणे. एका बाजूच्या हाताची किंवा पायाची ताकद जाणे. बोबडे बोलणे, शब्द न सापडणे किंवा समोरच्याचे न कळणे. एका डोळ्यापुढे वरून खाली पडदा आल्यासारखे दिसेनासे होणे. कॅरोटिडच्या त्रासात डोळा त्याच बाजूचा जातो आणि हात-पाय उलट बाजूचे, हे लक्षात ठेवा. लक्षण आपोआप गेले तर बरेच आहे, पण त्यानंतरचे पहिले दोन दिवस मोठ्या झटक्याच्या दृष्टीने सर्वांत धोक्याचे असतात. लक्षण गेले नाही तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते. लिंबूपाणी, साखर, तेलाची मालीश यांत तो वेळ घालवू नका. स्कॅन होण्याआधी घरीच अॅस्पिरिनही देऊ नका, कारण कधी कधी तो रक्तस्राव असतो.

तपासणी

मानेला स्टेथोस्कोप लावला की कधी कधी फूत्कारासारखा आवाज ऐकू येतो. आला तर उपयोगी, पण नाही आला म्हणून धमनी मोकळी असे समजता येत नाही. खरी पहिली तपासणी म्हणजे मानेचा डॉपलर. सुई नाही, किरण नाहीत, अर्ध्या तासाचे काम. रिपोर्टमध्ये अरुंदपणाचा टक्का आणि रक्ताचा वेग असतो. अंदाज यावा म्हणून सांगतो, मेंदूकडे जाणाऱ्या फाट्यात वेग सेकंदाला १२५ सेंटिमीटरच्या पुढे गेला तर अडथळा सहसा ५० टक्क्यांहून जास्त आणि २३० च्या पुढे गेला तर ७० टक्क्यांहून जास्त मानतात. नळीचा व्यास निम्मा झाला की तिचे क्षेत्रफळ पाऊणने घटते. त्यामुळे रिपोर्टमधला टक्का व्यासाचा आहे की क्षेत्रफळाचा, हे विचारा. मी घाबरून आलेल्या अनेकांचा 'पंचाहत्तर टक्के ब्लॉक' असा 'पन्नास टक्के' होताना पाहिला आहे. 'अस्तराची जाडी वाढलेली' किंवा '२० टक्के प्लाक' एवढेच लिहिले असेल तर मेंदूचा रक्तपुरवठा त्यामुळे अडत नाही. तो इशारा आहे, अडथळा नाही.

मग सगळ्यांनीच डॉपलर करावा का? माझे मत, नाही. कोणतेही लक्षण नसलेल्या सर्वसाधारण लोकांनी तो सरसकट करू नये, अशीच अमेरिकेतल्या प्रतिबंधक आरोग्य कार्यदलाचीही शिफारस आहे. त्यातून नको त्या तपासण्या आणि नको त्या शस्त्रक्रियांची माळ सुरू होते. उलट बाजूही सांगायला हवी. आपल्यासारख्या आशियाई लोकांत कवटीच्या आतल्या धमन्या अरुंद होण्याचे प्रमाण गोऱ्या लोकांपेक्षा जास्त असते आणि त्या मानेच्या डॉपलरमध्ये दिसत नाहीत. लक्षणे असताना मान साफ निघाली म्हणून तपास तिथेच थांबवायचा नसतो. एमआर किंवा सीटी अँजिओग्राफी करावी लागते.

विचारशक्तीची तपासणी वेगळी. घड्याळाचे चित्र काढणे, शंभरातून सात सात वजा करणे, पाच शब्द लक्षात ठेवणे अशी दहा-पंधरा मिनिटांची चाचणी असते. तिचे गुण शिक्षणावर अवलंबून असतात. चौथी शिकलेल्या आजीला घड्याळ काढता आले नाही म्हणजे तिला स्मृतिभ्रंश झाला, असे नव्हे.

आणि मानेवर खापर फोडण्याआधी बाकीचे पाहायलाच हवे. बी-१२ ची कमतरता (शाकाहारी घरांत मला ती सारखी सापडते), थायरॉईड, सोडियम कमी होणे, नैराश्य, कमी ऐकू येणे, घोरण्याबरोबर झोपेत श्वास अडकणे, झोपेच्या आणि सर्दीच्या गोळ्या. महिन्याभरापूर्वी बाथरूममध्ये पडून डोक्याला लागले होते का, हेही विचारतो. तेव्हा काही वाटत नाही, पण मेंदूवर सावकाश रक्त साचत जाते. यातल्या बऱ्याच गोष्टी सुधारता येतात.

उपचारात काय जमते, काय नाही

अडथळा कितीही असो, पाया औषधांचाच. कोलेस्टेरॉलसाठी स्टॅटिन, डॉक्टरांनी सांगितले असेल तर अॅस्पिरिन किंवा तत्सम गोळी, बीपी आणि साखर ताब्यात. 'कोलेस्टेरॉल नॉर्मल आलं म्हणून स्टॅटिन बंद केली' हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकतो. गोळी चालू आहे म्हणूनच ते नॉर्मल आले. बीपीबद्दल एक चांगली बातमी आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्प्रिंट माइंड या मोठ्या अभ्यासात वरचे बीपी १२० च्या खाली ठेवलेल्या गटात स्मरणशक्तीचा सौम्य ऱ्हास कमी झाला. स्मृतिभ्रंशावरचा परिणाम मात्र सिद्ध झाला नाही. पण दोन्ही बाजूंच्या धमन्या फार अरुंद असतील तर बीपी एकदम खाली आणणे मेंदूला महागात पडू शकते. उठल्यावर अंधारी येत असेल तर स्वतः गोळी बदलू नका, आम्हाला सांगा. तंबाखूत सिगारेट-बिडीइतकेच मिश्री, गुटखा आणि मळलेली चिमूटही मोजा. आणि केस कापल्यावर मान कडकन मोडून घेण्याची सवय सोडा. त्या झटक्याने धमनीचे अस्तर फाटू शकते, अगदी तरुण माणसातही.

शस्त्रक्रियेने प्लाक काढून टाकणे किंवा स्टेंट बसवणे हे मुख्यतः अर्धांगवायू टाळण्यासाठी असते. ज्यांना झटका किंवा तात्पुरती लक्षणे येऊन गेली आहेत आणि धमनी ७० टक्क्यांहून अधिक अरुंद आहे, त्यांना शस्त्रक्रियेचा मोठा फायदा होतो. १९९१ च्या उत्तर अमेरिकेतल्या अभ्यासात अशा रुग्णांत त्या बाजूच्या झटक्याचा दोन वर्षांतला धोका २६ टक्क्यांवरून ९ टक्क्यांवर आला. ती शक्यतो पहिल्या दोन आठवड्यांत व्हावी. लक्षणे नसलेल्यांचे गणित नाजूक आहे. २०२५ च्या क्रेस्ट-२ अभ्यासात अशा रुग्णांना उत्तम औषधोपचार दिले असता चार वर्षांत झटका किंवा मृत्यू यांचे प्रमाण पाच-सहा टक्केच होते. स्टेंटच्या गटात ते २.८ टक्क्यांवर आले, शस्त्रक्रियेने झालेली घट मात्र ठोस ठरली नाही. म्हणजे घाई नाही, दुसरे मत घ्यायला वेळ आहे. धमनी शंभर टक्के बंद असेल तर सहसा तिला हात लावत नाहीत. मेंदूने तोवर दुसऱ्या वाटा काढलेल्या असतात आणि पुढे सरकायला तिथे गुठळी उरलेली नसते.

आणि विचारशक्ती? धमनी मोकळी केल्यावर काहींचे गुण सुधारतात, बऱ्याच जणांचे तसेच राहतात, थोड्यांचे घसरतात, कारण शस्त्रक्रियेच्या वेळीही बारीक कण सुटू शकतात. ज्यांच्या मेंदूच्या त्या भागात रक्त खरोखर कमी पोहोचते आहे, त्यांनाच फायदा होतो का, हे तपासण्यासाठी क्रेस्ट-२ ला जोडून स्वतंत्र अभ्यास आखला गेला. आज तरी केवळ स्मरणशक्ती सुधारावी म्हणून ही शस्त्रक्रिया करून घ्या, असे मी कोणाला सांगणार नाही.

त्या बँकेतल्या गृहस्थांची शस्त्रक्रिया झटक्यानंतर नवव्या दिवशी झाली. टाके निघाल्यावर त्यांच्या पत्नीने विचारले, "आता ह्यांचं डोकं पूर्वीसारखं चालेल ना?" मी म्हटले, "पुढचा मोठा झटका आपण बहुतेक टाळलाय. पूर्वीसारखं होईल असं वचन मी देत नाही." त्याला आता दोन वर्षे होऊन गेली. त्यांचा वेग तेवढाच आहे, अधिक घसरलेला नाही. सोसायटीचा हिशेब त्यांनी दुसऱ्याकडे दिला. लाईटबिल अजून तेच भरतात, सकाळी, टीव्ही बंद करून, कोणी मध्ये बोलत नाही तेव्हा. गोळ्यांच्या डबीत आठवड्याचे कप्पे केलेत आणि रात्रीचा कप्पा रिकामा झाला की नाही ते पत्नी बघतात.

तुम्ही घरच्या कोणाला घेऊन डॉक्टरांकडे जाणार असाल तर दोन गोष्टी सोबत न्या. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या, अगदी आयुर्वेदिक आणि मेडिकलमधून परस्पर आणलेल्यासुद्धा. आणि एका कागदावर, पूर्वी सहज जमणारी कोणती कामे आता जमत नाहीत आणि ती कधीपासून, एवढे लिहून आणा. 'विसरतात' एवढे सांगू नका, काय विसरतात ते सांगा. रुग्णासमोर बोलणे अवघड वाटत असेल तर तो कागद आधी आत पाठवून द्या. आम्ही वाचतो.